आठ दिवसांत होणार नाही

बस. स्टूल पुसून घे, भुसा आहे.
आठ दिवसांत होणार नाही.
आठ दिवसांत साखरपुडा होतो, मोडतोही,
क्यू होत नाही.

वर बघ. त्या पट्टीला टांगलेत ना,
पडवळाला दगड बांधतात तसे, खाली वजन लावून?
मेपल. बोटीतून आलेलं लाकूड.
त्याला वागळे इस्टेटची हवा मानवायला वर्ष लागतं.
मला सहा लागली होती,
देवरुखहून आलो तेव्हा.

दोन महिन्यांनी एकेक खाली काढतो,
लेथवर चढवतो, नखाएवढं सोलतो,
परत टांगतो.
घाईने सोललं की लाकूड रुसतं,
आत दाबून ठेवलेलं जे काही असतं
ते वाकून सांगतं.
मग तेवढ्या तुकड्याचं लाटणं.
किसननगरात निम्म्या घरांत
माझ्या चुकांवर पोळ्या होतात.

हा लेथ बॉबिनच्या कारखान्यातला.
टाळं लागलं, हिशेबात पैसे कमी भरले,
म्हटलं, उरलेल्यात हा द्या.
त्याच्यापेक्षा टेम्पोवाल्याने जास्त घेतले.

हात दाखव. तसा नाही, भविष्य नाही बघत मी.
मनगट.
पकड इथे येते? बरं.
मग तोल बोटभर पुढे घ्यावा लागेल.
खारेगावच्या पार्लरमध्ये खेळतेस म्हणालीस.
तिथलं टेबल खिडकीकडे उतरतं असं ऐकून आहे.
मी खेळत नाही.
एकदाच खेळलो, पांढरा चेंडू उडाला तो
गल्ल्यावरच्या माणसाच्या चहावर.
न्हावी काय स्वतःची दाढी दुकानात करतो?

हा?
हा विकायचा नाही.
उथळसरच्या इग्नेशियस परेरांचा. अकरा वर्षं झाली.
शिसवीच्या बुंध्यात मेपलची चार टोकं,
चारही एका उंचीला.
तेव्हा चष्मा नव्हता मला.
ते गेल्याचं कुणी सांगितलंच नाही.
परवा त्यांच्या बाई आल्या, हातात हा.
म्हणाल्या, मेस्त्री, वीतभर लांब करून मिळेल?
वरच्या दोरीपर्यंत पोचत नाही आता, खांदा धरतो.

कपडे वाळत घालायच्या त्याने.
चार वर्षं.
ओल्या चादरी, पंचे, पडदे,
वर गॅलरीत खाडीची खारी हवा.
टोकाचं चामडं कधीच गेलेलं,
तिथे रबरबँड गुंडाळलेला, चादर घसरू नये म्हणून.

राग आला होता का? आठवत नाही.
त्यांना पाणी दिलं.
मग ह्या काचेवर ठेवला
आणि एका बोटाने ढकलला.
ये ना, वाक. डोळा काचेला लावून बघ.
खालून उजेडाची चीर दिसते?
लोळताना ती जाडबारीक होते का?
नीट बघ. पुन्हा ढकल.

नाही होत.

बाईंना वेताची काठी करून दिली,
टोकाला पितळेचा आकडा.
जड नाही ना, विचारत होत्या.
जड कशी असेल, तोल काढून केली होती.
पैसे नको म्हटलं, तर म्हणाल्या,
मग ही जुनी काठी तरी ठेवा.
दारापर्यंत गेल्या, परत आल्या,
आणि तो रबरबँड तेवढा काढून नेला.

तुझा दिवाळीनंतर.
आषाढ-श्रावणात मी लेथला हात लावत नाही,
लाकूड तेव्हा खोटं बोलतं.
पैसे राहू देत, आधी टांगू तर दे.
वहीत नाव लिही, मनगटाचं माप मी लिहितो.
आणि घरातली कपड्यांची दोरी किती उंच आहे
तेही लिही.
हसू नकोस. लिही.