दोन इंच

आमच्या गल्लीतला रस्ता सिमेंटचा झाला
आणि वीतभर वर गेला.
घर तिथंच राहिलं.
तेव्हापासून पहाटे तीनला
फाटकातून गाडी काढताना तिच्या पोटाखाली
रोज एक ओरखडा,
जणू कुणी करपलेलं पातेलं खरवडतंय
सगळ्या दिघोरीला ऐकू जाईल असं.

आणि नाक खाली.
अकरा वर्षं कळमन्याचा माल वाहून
पुढचे पाटे असे बसलेत
की दिवा लावला तर उजेड
आपल्याच चाकांपुढे सांडतो.

म्हणून पाचपावलीला, हेडाऊ मिस्त्रीकडे.
म्हटलं, चार इंच उचला.
वाडी नाक्यावर पाहिलीय मी एक,
काळी, रुंद टायरची, छातीएवढी उंच.
खड्ड्यातून, गाडीखालून आवाज आला,
"जिराफ पाळाचा हाय का जी?"

मग पाना खाली ठेवल्याचा खणका.
"रोज काय नेता?"
जाताना रिकामी, येताना बारा क्विंटल.
कोबी, वांगी, सांभार.
"आन् डाव्या सीटवर?"
बायको.
"तिले इचारलं का?"

नव्हतं विचारलं.
वत्सला बाजारात हिशेब लिहिते, परतीला झोपते,
डोकं काचेला टेकून.
गतिरोधक आला की काच वाजते,
ती डोळे न उघडता म्हणते, "पारडी."
मग, "वाठोडा."
मग, "खरबी."
रस्त्याचा नकाशा तिच्या कपाळावर आहे,
उजव्या बाजूला केस जरा विरळ, डाव्या बाजूला एक टेंगूळ.

मिस्त्री वर आला, हात पुसत.
हा खड्डा त्याच्या बापाचा.
बाप यात पाय सोडून मागावर बसायचा,
लुगडी विणायचा.
माग गेला, खड्डा बुजवायला पैसे नव्हते,
पोरानं वर गाडी उभी केली.
"गाडी उचलनं सोपं हाय," तो म्हणाला,
"उचलल्यावर तिले मऊ ठेवनं, थे काम हाय.
बुढा म्हने, तानलं तं तुटते,
सोडलं तं झोय पडते."

मागचे पाटे मोजताना बोट थांबलं.
"हा जाडा कोनं टाकला?"
मीच. दोन दिवाळ्यांआधी, माल जास्त होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं
जसं डॉक्टर पाहतो
घरगुती उपाय करून आलेल्याकडे.

जाडा काढला. दोन पातळ, लांब टाकले.
पुढचे पाटे ऐरणीवर घेऊन
थंडेच ठोकले, हळूहळू कमान येईपर्यंत,
प्रत्येक घाव ऐकून मग पुढचा.
मध्ये काळं वंगण, बोटानं,
मलम लावल्यासारखं.
शॉकअप इंचानं लांब.
ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे दोनदा वाकून.
पुढे दोन इंच, मागे एक.
"बस. याच्यावर हाव."

आणि जाता जाता, न सांगता,
तो काढलेला जाडा पाटा कापून
डाव्या दाराखाली पायरी म्हणून जोडला.
"आता वहिनीले चढाले उंच होईन न जी."
त्याचे पैसे घेतले नाहीत.
बाकीचे मात्र पुरेपूर घेतले, उधारीही नाही.

दुसऱ्या पहाटे फाटकातून निघालो.
आवाज नाही.
शेजारच्या मडावींचं कुत्रं सवयीनं भुंकलं,
मग गोंधळून गप्प झालं.
रिकामी गाडी थोडी डोलते अजून,
ते मान्य. पूर्वी आदळायची.

परतताना बारा क्विंटल आणि वर सांभाराची पोती.
पारडी आली.
पुढची चाकं चढली, उतरली, मागची चढली,
मी कान देऊन होतो.
काच वाजली नाही.
वाठोडा. खरबी.
डावीकडून काहीच नाही.
इतकी शांतता की मला भीती वाटली,
मी हात लांब करून तिच्या नाकापुढे धरला.
श्वास गरम होता.

घरापाशी उतरत्या सिमेंटवर अलगद थांबलो,
म्हटलं, "दिघोरी."
ती दचकून उठली,
"पारडी कुठं गेली?"