एकोणनव्वद युरोंचा कॅमेरा

वजन एकशे बेचाळीस ग्रॅम, दोन पेन्सिल सेल धरून.
रंग चंदेरी, म्हणजे चंदेरी रंगवलेलं प्लास्टिक.
झूम करताना आतून आवाज येतो,
कुणी चोरून कॉफी दळत असल्यासारखा.
हे सगळं मी तक्त्यात भरलं.
ग्राहकांच्या मासिकात सतरा वर्षं हेच करते आहे:
टोस्टर, छत्र्या, गाडीतल्या पोरांच्या खुर्च्या,
आणि या हिवाळ्यात स्वस्तातले कॅमेरे, नग सहा.

पाचांचा निकाल टेबलावरच लागला.
सहाव्याच्या वेळी संपादक म्हणाला,
हा एखाद्या साध्या माणसाकडे दे,
ज्याला फोटोतलं ओ की ठो कळत नाही.
म्हणून मी तो दिला खालच्या मजल्यावरच्या ताइस्तोला,
चाळीस वर्षं ओउलूच्या रस्त्यांवरचा बर्फ बाजूला सारून
निवृत्त झालेल्या.
त्याने तो तळहातावर ठेवला, उलटा केला,
नि विचारलं, "हा बघतो कुठल्या बाजूने?"

आठवड्याने त्रेचाळीस फोटो.
पहिल्या अकरांत त्याचं बोट.
गुलाबी, धूसर, कडेने उजळत गेलेलं,
डिसेंबरात इकडे न होणाऱ्या पहाटेसारखं.
मग उणे अठरात सेल मेले.
काखेत धरले तर उठले, तो म्हणाला.
मी लिहिलं: थंडीत बॅटरी कुचकामी.
काखेचं लिहिलं नाही, तक्त्यात तसा रकाना नाही.

पुढे कुत्र्याचं शेपूट.
मग शेपूटही निघून गेलेला नुसता बर्फ.
बस सुटल्यावरचा थांबा.
नातीच्या केकवर फुंकर मारून झालेल्या मेणबत्त्यांचा धूर.

दोष त्याचा नाही.
बटण दाबलं की हा कॅमेरा विचारात पडतो,
पाऊण सेकंद. मी तीनदा मोजलंय.
पाऊण सेकंदात जग
दाराबाहेर जाऊन बूटसुद्धा घालतं.

सव्विसावा फोटो हेल्लेवीचा.
भिंतीवरच्या तिच्या झाडून सगळ्या फोटोंत,
लग्नातल्यासुद्धा,
ओठ टाके घातल्यासारखे मिटलेले.
समोरचा एक दात घसरगाडीच्या दांड्याने नेला,
आठव्या वर्षी. तेव्हापासूनची ही शिस्त.
त्या दिवशीही ती तशीच बसली.
ताइस्तोने बटण दाबलं. काही झालं नाही.
तिला वाटलं, झालं,
सुटली,
काहीतरी बोलली (काय, ते आता दोघांनाही आठवत नाही)
आणि हसली.
खिंडार सताड उघडं, गाल वर, डोळे बेपत्ता.
मग कुठे कॅमेऱ्याचं ठरलं.

रंग जरा पिवळट. कडा मऊ.
कमी उजेडात दाणे इतके
की तिच्यावर कुणी रवा सांडलाय.

"पूस ते," हेल्लेवी म्हणाली.
माझ्या हातातून ओढूनच घेतला,
कचऱ्याच्या डब्याचं चित्र तिने बरोबर शोधलं.
पडद्यावर प्रश्न आला: खरंच पुसायचं?
खाली दोन चौकटी. हो. नाही.
चष्मा आतल्या खोलीत राहिला होता.
तिने हात लांब केला. मग आणखी लांब.
ताइस्तो कॉफी ढवळत राहिला,
साखर न घातलेली.

निकाल: अडीच तारे.
शटर मंद. झटपट हलणाऱ्यांनी घेऊ नये.
थंडीत भरवसा नाही. किंमत रास्त.
नग कंपनीला परत. कार्ड गहाळ,
त्या कागदावर सही माझी.
मेनू: अक्षरं ठळक,
चष्म्याशिवायही वाचता येतात.
वेळ लागू शकतो.