आबिलिओच्या वहीतले शेरे

गुरुवारी हार्डवेअरचं दुकान सातला बंद होतं
आणि मागच्या खोलीत, खिळ्यांच्या खोक्यांवर,
आम्ही चौघं बसतो.

मी देओलिंडा. लिमा नदीच्या ह्या काठावर
एकतीस वर्षं टपाल वाटलं,
कुठल्या फाटकातला कुत्रा चावतो ते तोंडपाठ,
वाईनमधलं मात्र मला विचारू नका.
मला दोनच जाती कळतात:
आणखी ओत, आणि पुरे.

टेल्मो बिअर आणतो.
मामाच्या गोठ्यात त्यानं टाक्या बसवल्यात,
दगडावर खडूनं लिहिलेली गाईंची नावं पुसली नाहीत,
म्हणून बाटल्यांनाही तीच.

बोनिता: वाळल्या गवताच्या रंगाची,
पहिल्या घोटाला कुणीतरी शेजारी बसून संत्रं सोलतंय,
आणि गिळून झाल्यावर, सगळं संपलं असं वाटताना,
कडूपणा परत येतो,
घर सोडलेला भाडेकरू किल्ली द्यायला यावा तसा.

मिमोझा काळी, चेस्टनट भाजून केलेली.
दुधाच्या पातेल्याची खरवड.
मुद्दाम तशी केलीय, टेल्मो म्हणाला.
आम्ही मान डोलावली. मुलगा मेहनती आहे.

एर्मिनियाच्या भावाची वाईन हिरवी,
म्हणजे रंगानं नव्हे, वयानं;
अजून दात यायचेत तिचे.
जिभेवर क्षणभर मुंग्या, कच्चं सफरचंद,
मग काहीच नाही,
भांडी घासताघासता प्यावी अशी.
लाल असेल तर पांढऱ्या वाडग्यातून,
मग आबिलिओच्या मिशांना जांभळा काठ येतो
आणि मक्याच्या भाकरीलाही.

आबिलिओ लिहितो.
उधारीच्या खातेवहीची मागची पानं,
पुढून कोण किती देणं लागतो,
मागून कशाची चव कशी.
पोर्तोहून येणारी माणसं नाकानं कांदे सोलतात,
हा आपला साधं लिहितो:
"सासूच्या कपाटाचा वास. पण सासू चांगली होती."

फेब्रुवारीत एक बाटली नासकी निघाली.
ओला पुठ्ठा, तळघरात विसरलेलं पोतं,
एर्मिनियानं वाडगा तोंडाजवळूनच परत ठेवला,
भावाचीच बाटली, बिचारी लाल झाली.
आबिलिओनं ग्लासात नाक खुपसलं,
डोळे मिटले, पुरेसा वेळ घेतला,
आणि लिहिलं: लिंबाची फुलं. छान.

कुणी खोकलंसुद्धा नाही.

मला नोव्हेंबर आठवला.
त्याच्या स्वयंपाकघरातला गॅस मला रस्त्यावरून आला होता
आणि तो शेगडीजवळ उभा राहून
स्क्रू मोजत होता. ताप होता त्या आठवड्यात त्याला.

तो लघवीला गेला तेव्हा मी वही उलटली.
दुसऱ्यांची पत्रं मी कधी फोडली नाहीत,
हे आधी सांगते.
नोव्हेंबरपासून लिंबाची फुलं अकरा वेळा,
खारा वारा सात वेळा,
सगळं मागच्या वर्षीच्या पानांवरून उचललेलं,
अक्षर तेवढं नवं.
एका ओळीत नुसतं: "गार. बुडबुडे बारीक. देओलिंडा हसली."

त्याला विचारलं नाही. काय विचारणार?
पुढच्या गुरुवारपासून
मीच मोठ्यानं हुंगायला लागले.
टेल्मो हसतो, हसू दे.
काल नवी बिअर होती, नाव काबाना,
मी म्हणाले, तिकिटाच्या पाठचा डिंक येतोय,
आणि पावसात भिजलेल्या चामडी पिशवीचा वास,
उजव्या खांद्यावरच्या पट्ट्याचा.

उजव्याच का, त्यानं विचारलं.
डाव्या खांद्याला घाम कमी येतो.

त्यानं पेन्सिलीला जीभ लावली,
माझ्याकडे बराच वेळ बघितलं,
मग वही जवळ ओढून म्हणाला,
सावकाश सांग. डिंक गोड होता?