वाकडी वाटी

चेहेडीची, दारणेकाठची माती.
निवडली, भिजवली, गोणपाटावर आठ दिवस निथळत ठेवली.
तरी एक शंख राहिलाच, मसुराएवढा.

चाक नाही. गोळ्यात अंगठा रुतवायचा
आणि वाटी तळहातावर फिरवत राहायची.
ओनोबाई एवढंच दाखवून जपानला परतल्या;
पुढचं मातीला विचार, म्हणाल्या.
मी रोज विचारते. माती सुकते.

निवृत्तीमामा माठाला थापी मारत बघतात:
"बसकी झाली गं. गिऱ्हाईक हसेल."

भट्टीतून धड निघाली.
तिसऱ्या दिवशी
आतल्या शंखानं कडेचा टवका उडवला.

फेकायला उठले,
तर मामांनी तिच्यात चहा ओतून घेतला,
खळग्यात अंगठा टेकवला, फुंकर मारली.
"धरायला बरी आहे," म्हणाले.

अजून परत दिलेली नाही.