डीपीचा सूर

सावद्याच्या केळी-गोदामामागे एक डीपी होती,
लीलाधर फेगडे तिला आपला पहिला गुरू म्हणतो.
मी छब्बीर तडवी, त्याच्या केबली ओढणारा.
मला तेव्हा एवढंच कळायचं
की डीपीजवळ मुतू नये.

तो मात्र कान देऊन उभा.
"ऐक भो, साडेदहाला थ्री फेज येईल,
मोटारी सुरू होतील, मग हिचा गळा उघडेल."
आणि खरंच, मळ्यामळ्यातून लोड आला की
गुणगुण जाड व्हायची,
गुळाच्या पाकासारखी तार धरायची.

अकरा वर्षं लग्नं वाजवली आम्ही.
रावेर, यावल, चोपडा, एकदा पार नेपानगर.
वरात पुढे, जनरेटर मागे, मध्ये आम्ही दोघं
आणि नवरदेवाच्या मामाची फर्माईश.

फैजपूरला एका हळदीत
नाचाच्या गाण्याखालून त्यानं हळूच सोडला
जिनिंगचा आवाज.
सरकी सुटतानाचा, पट्टा घसरतानाचा.
चार मिनिटं.
लोक नाचतच राहिले.
फक्त एक म्हातारी, जिनात उमर काढलेली,
खुर्चीत बसल्या बसल्या
नाकाला पदर लावून खोकली.

हजार रुपये कापले त्या दिवशी.
लीलाधर सावद्यापर्यंत हसत होता,
"तिनं ऐकलं, छब्बीर."

मग त्यानं टॉप विकले, बेस विकले.
मी महिनाभर बोललो नाही त्याच्याशी.
केळी पिकवायच्या चेंबरशेजारी
एक थंडगार खोली मिळाली फुकटात,
तिथं कॉम्प्युटर, पुण्याच्या पोराकडून घेतलेला सिंथ,
आणि भिंतीपलीकडे अठरा टन केळी
गुपचूप पिवळी होत असलेली.
तोही आवाज आहे म्हणायचा. असेल.
मला पंखाच ऐकू यायचा.

परदेशातून खोकं आलं: बारा तबकड्या,
कव्हरवर आडनाव चुकलेलं.
त्या वाजवायचं यंत्र अख्ख्या सावद्यात नव्हतं.
माळ्यावर ठेवल्या. मे महिन्यात चार
पत्र्याच्या पन्हाळीसारख्या वाकल्या.
त्याच्या आईनं विचारलं, "फेकू का या थाळ्या?"

एकदा जाऊनही आला तिकडे, एकोणीस दिवस.
चाळीस मिनिटं आपली डीपी वाजवली,
लोक म्हणे जमिनीवर आडवे, डोळे मिटून.
मी विचारलं, तिकडचा करंट कसा?
म्हणाला, "तिकडेही पन्नासच रे.
पण डीपी जमिनीत पुरलेली. कुणाला माहीतच नाही
आपण कुठल्या सुरात राहतो."

गेल्या वर्षी बोर्डानं ती जुनी उतरवली.
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवी, तेल गळत होतं.
नवी मुकी आहे.
लीलाधर ट्रॉलीमागं नाक्यापर्यंत चालत गेला,
हातात यंत्र होतं, सुरू केलं की नाही
मी विचारलं नाही.

आता तो डाळ मिलमध्ये वायरिंग बघतो.
माझा डावा कान लग्नांनी खाल्ला,
बारीक काही येत नाही त्यात.
परवा त्या तबकडीचे, तीन महिन्यांचे,
एकशे बारा रुपये जमा झाले.
हायवेवर शेवभाजी मागवली. दोघांत एक.
घास तोंडाशी नेता नेता तो थांबला,
मान तिरकी, हॉटेलच्या कूलरकडे.
मी म्हटलं, काय भो?
त्यानं रश्श्याचं बोट वर केलं:
थांब.