शून्याची दुरुस्ती

फलज अल-कबाईलच्या कॅम्पात, बी ब्लॉकच्या गच्चीवर,
पाण्याच्या टाक्यांमागे मी योग शिकायला गेलो.
म्हणजे कंबर दुखत होती म्हणून.
पहाटेचे साडेचार, तरी काँक्रीट कालचं ऊन ओकत होतं.
स्टोअरकीपर शिरसाट चटईवर बसलेले.
विचारलं, "आधी सूर्यनमस्कार की आधी शीर्षासन?"
ते म्हणाले, "घरी फोन करतोस ना?
कुठं राहतो म्हणून सांगतोस?"

मी गप्प.
मृदुलाला सांगितलंय : दोघांत एक खोली,
खिडकीतून समुद्र.
आहोत सहाजण. खिडकीतून दिसते
एसीची गंजकी पाठ आणि कुणाकुणाच्या बनियनी.
शिरसाट म्हणाले, "आसन तिसरं. त्याच्या आधी दोन पायऱ्या आहेत.
तू थेट माळ्यावर उडी मारायला निघालास."

महिनाभर नुसतं बसवलं.
यम पाच, नियम पाच.
मी बोटांवर मोजायचो, अपरिग्रहापाशी दर वेळी अडकायचो.
माझ्या खाटेखाली कंपनीचे अकरा साबण होते,
गावी न्यायला.

श्वास मोजायला लागलो की चौथ्याला ओव्हरटाइम,
सहाव्याला रियालचा भाव,
सातव्याच्या आत मेहुण्याचे उसने पैसे.
मी प्रेशर गेज तपासणारा माणूस,
मला माझ्या हत्यारांतूनच कळतं :
पंपाजवळचा काटा इतका थरथरतो की वाचता येत नाही,
म्हणून गेजमध्ये ग्लिसरीन भरतात.
पाइपातला दाब आहे तेवढाच राहतो,
पंपाची धडधडही.
फक्त आकडा दिसायला लागतो.
हे शिरसाटांना सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल.
ते म्हणाले, "आणि दाब काढून घेतल्यावर?
काटा शून्यावर येतो का तुझा?"

एकशे चौदा नंबरचं गेज.
बावन्न मीटर शिडी.
जुलैत मी ते खालूनच तपासलं होतं,
म्हणजे सही केली होती.

त्या दुपारी चढायला लागलो तर हिलाल,
आमचा शिफ्टचा सुपरवायझर, खालून ओरडला,
"ते झालंय! कागदावर सही आहे!"
"सही आहे," मी म्हटलं, आणि चढत राहिलो.
हातमोज्यातून लोखंड भाजत होतं.
श्वास मोजायचं सुचलंही नाही, तो नुसता चालला होता,
भात्यासारखा.
वर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, दाब सोडला.
काटा अर्ध्या बारवर बसून राहिला,
जणू तेच त्याचं घर.
स्क्रू फिरवून शून्य जुळवलं.
मान वर केली, तर
इथून समुद्र दिसत होता. खरोखरचा,
सोहारच्या बंदरापलीकडे, पांढुरका, उन्हानं जवळजवळ पुसलेला.

खाली येऊन जुलैच्या ओळीपुढं लिहिलं : तपासले नव्हते.
हिलालनं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, दाढी खाजवली,
पाण्याची बाटली पुढं केली.
दोन दिवसांचा पगार कापला गेला, तो गेलाच.

रात्री फोन केला. "सहाजण," म्हटलं. "समुद्र नाही."
मागं कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.
"ठाऊक आहे," मृदुला म्हणाली.
"तू बोलतोस तेव्हा मागं पाच खोकले असतात.
मी मोजलेत."
"मग बोलली का नाहीस?"
"आता माझंही ऐक," ती म्हणाली.
"पाटल्या मार्चपासून सोसायटीत गहाण आहेत."

समाधी वगैरे मला कळत नाही.
शिरसाट म्हणतात, त्यांनाही नाही;
एकोणीस वर्षं झाली, पद्मासनात डावा गुडघा
अजून जमिनीला टेकत नाही.

साबण स्टोअरला परत दिले. दहा. एक वापरला होता.
शिरसाटांनी मोजून रजिस्टरात चढवले,
चष्मा कपाळावर सारला.
"उद्या चटई आण," म्हणाले.
"पाय पसरून बसायला शिकू.
नुसतं पसरून."