अकरा महिने

फॉर्मवर सतरा प्रश्न.
नाव, पत्ता, पगार, इथवर पेन धावतं.
सहावा: घर स्वतःचं की भाड्याचं?
तिथं मी पेनाला टोपण लावते
आणि सुगंधा भोईर, माझ्याकडे न बघता,
पातेल्यात भात कालवत राहते.

दिघ्याच्या मागं, खाणीच्या उताराला पत्र्याची शेड.
फिनेल, ओलं गोणपाट, उकडलेल्या कोंबडीच्या पायांचा वास.
चौथ्या जाळीत ती.
वय आठ, डावा कान अर्धा,
कार्डावर दोनदा गेल्याची तारीख, दोनदा आल्याची.
कारण: बाळ झालं.
कारण: भाडेकरार संपला.
बाकीची जाळीवर उड्या घेतात.
ती उठत नाही, माझ्या बुटांकडे बघते.
बूट आधी ओळखायचे, माणूस मग,
असं काहीतरी शिकली असावी.

मी ऐरोलीत राहते, अकरा महिन्यांच्या करारावर.
तिची अजून पाच-सहा वर्षं धरली
तर सहा करार,
सहा वेळा वेलणकरांना पुण्याला फोन.
पहिला केला. म्हणाले, "बघू."
या बघूवर मी दोन वर्षं गळका नळ काढलाय,
एका लग्नाचीही वाट पाहिलीय.
कुत्री नाही आणता यायची.

सुगंधाला हे सांगितलं नाही:
पाचवीत होते, खारटन रोडच्या खोलीत
आमची एक मांजर होती, ठिपकी.
धाकट्याला दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, केस.
बाबांनी तिला बाजाराच्या पिशवीत घातलं,
पिशवी सायकलच्या हँडलला, कळव्याचा पूल ओलांडला
आणि रिकामी पिशवी घडी करून परत आले.
संध्याकाळी त्याच पिशवीतून दुधी आला.
मांजर वाट काढत येतं म्हणतात.
आठ रात्री मी दार नुसतं लोटून ठेवलं.
शाळेत सांगितलं, गावाला गेलीय.
बाबा वाईट नव्हते. तेच तर.
त्यांना तिला घरात घेताना
कुणी सतरा प्रश्न विचारले नव्हते.

म्हणून एक पट्टा विकत घेतला. नुसता पट्टा.
रबाळ्याच्या लॅबमधली रात्रपाळी संपवून
साडेसहाला घरी, सातला पुन्हा खाली,
हातात पट्टा, पट्ट्याला कोणी नाही.
खाडीच्या बाजूला चालत, खांबाखांबापाशी थांबत.
थांबायलाही वेळ लागतो, तो मोजायला हवा.
वॉचमन डोंगरदिवे म्हणाले, "कुत्रा कुठाय, मॅडम?"
"येतेय," म्हटलं.

पंधरा दिवस ठरवले होते. अकरा झाले.
दोनदा झोप लागली, बुटांसकट.
एकदा ताप.
एकदा काहीच नव्हतं, नुसता कंटाळा.
तो दिवस मी वहीत ठळक अक्षरांत लिहिला.

तापाच्या दिवशी तिला खाली कोणी नेलं असतं?
हा चौदावा प्रश्न.
चार वर्षांत पहिल्यांदा समोरची बेल वाजवली.
इंदुमती सावे, बालवाडीच्या निवृत्त बाई,
दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला.
म्हणाल्या, गुडघे हे असे, पण लिफ्टनं नेईन.
नाव मात्र दात नसताना हाक मारता येईल असं ठेव.

आज फॉर्म भरला.
चौदाव्यापुढे इंदुमतीबाई, पेनानं.
सहाव्यापुढे पेन्सिलीनं:
भाड्याचं. लेखी परवानगी मागितली आहे. आलेली नाही.
सुगंधानं ओठ हलवत वाचला,
भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.
शिक्का मारला नाही, परतही दिला नाही.
"आलीच आहेस तर वाढायला लाग," म्हणाली.

चौथ्या जाळीशी मी उकिडवी बसते, थाळी सरकवते.
ती भाताकडे बघत नाही.
गेल्या वेळचेच बूट घातलेत मी, मुद्दाम.